गोव्यात राहून सरकारी नोकरीशिवाय पोट भरण्यासारखं काय करता येईल?

तुम्ही लिहिलंय की वय पंचवीस, बी.कॉम. झालंय, घर फोंडा तालुक्यात. तीन वर्षं सरकारी भरतीच्या परीक्षा देताय. घरचे म्हणतात अजून एक वर्ष थांब, मित्र म्हणतात बाहेर निघ. गोव्यातच राहायचं तर दुसरं काय, असा तुमचा प्रश्न आहे.

मी डिचोली तालुक्यातला, वय सत्तेचाळीस. माझा एक धंदा पूर्ण बुडाला. तो कसा बुडाला ते आधी सांगतो, कारण तुम्हाला जे सांगायचंय ते सगळं मी तिथंच शिकलो.

आयटीआयमधून फिटरचा ट्रेड केला आणि १९९८ साली एका लोहखनिजाच्या खाणीच्या वर्कशॉपमध्ये लागलो. आमच्या भागात तेव्हा नोकरी म्हणजे खाण हे इतकं ठरलेलं होतं, की मुलगा काय करतो असं कोणी विचारत नसे, कुठल्या खाणीवर आहे एवढंच विचारत. नऊ वर्षं डंपरचे ब्रेक, हायड्रॉलिकचे पाइप, पंपांची बेअरिंगं यांत गेली. मग चीनची मागणी वाढली. आपल्या इथली हलक्या प्रतीची माती, जिच्याकडे आधी कोणी बघत नव्हतं, तीही बोटीवर चढू लागली. २०१०-११ मध्ये गोव्यातून पाच कोटी टनांहून जास्त खनिज बाहेर गेलं. ज्याच्या दारात ट्रक नाही असं घर आमच्या वाड्यावर उरलं नाही. मीही २००७ मध्ये वर्कशॉप सोडून कर्जावर टिप्पर घेतला.

पैसा खरंच होता, खोटं कशाला सांगू. खाणीवर भरायचं, काट्यावर वजन करून चिठ्ठी घ्यायची, जेटीवर ओतायचं, परत फिरायचं. जेटीवरून बार्ज मांडवीतून मुरगावला जायची. दिवसाच्या सात-आठ खेपा झाल्या की हप्ता, डिझेल, ड्रायव्हर वजा जाऊनही हातात राहायचं. बायकोनं खेपांची वही ठेवली होती, रोज रात्री चिठ्ठ्या मोजून टाचणी लावायची. त्या चिठ्ठ्यांना लाल धूळ इतकी असायची की वहीच्या कडासुद्धा लाल झाल्या होत्या. ती वही अजून आहे.

१० सप्टेंबर २०१२ ला सरकारनं खाणी थांबवल्या, आणि पुढच्या महिन्यात सर्वोच्च न्यायालयानंही बंदी घातली. हे तुमच्या शाळेच्या वयात झालं, म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगतो. पावसात खनिज वाहतूक दरवर्षी बंदच असते. त्यामुळे त्या दिवशी आमच्या अंगणात काहीही बदललं नाही. ट्रक आधीपासून उभाच होता. सीझनसाठी मी नुकतेच सहा टायर बदलले होते, रंग मारून घेतला होता, विमा भरला होता. नऊ दिवसांवर चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी होती. आम्ही गणपतीवरची फळापानांची माटोळी बांधली, पाहुणे आले, सगळे म्हणाले ऑक्टोबरपर्यंत सुटेल. ऑक्टोबर आला, दिवाळी झाली, आणि जेटीकडच्या रस्त्यावर गवत आलं. काम गेलंय हे माणसाला लगेच कळत नाही. आता सुरू होईल, मग सुरू होईल, असं म्हणत तो थांबतो आणि त्या थांबण्यातच बचत संपते.

माझ्या शेजाऱ्याचे दोन ट्रक होते. अतिशय मेहनती माणूस, रात्री दोनला उठून नंबर लावायचा. तो वाट पाहत राहिला. एप्रिल २०१४ मध्ये न्यायालयानं वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून परवानगी दिली, तेव्हा त्यानं उरलेसुरले पैसे ट्रक दुरुस्तीत घातले. खेपा पूर्वीच्या अर्ध्याही मिळाल्या नाहीत. मार्च २०१८ मध्ये सगळं पुन्हा बंद. सरकारनं ट्रकमालकांना मदत दिली, थकलेल्या कर्जांसाठी योजनाही आणली, आम्ही सगळे 'खाण अवलंबित' म्हणून कागदावर आलो. पण हातात दुसरं काम नसलेल्या माणसाला मदत म्हणजे अजून थोडे दिवस थांबायची सोय. आता लिलाव होऊन काही खाणपट्टे परत चालू होताहेत, आणि आमच्याकडची काही पोरं पुन्हा ट्रकचे भाव विचारताहेत. मला भीती वाटते.

मी २०१३ मध्येच बाहेर पडलो. हुशारीनं नव्हे, मुलीच्या फीसाठी. कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत एका औषधाच्या कारखान्यात कंत्राटदाराकडून मेंटेनन्सचा हेल्पर म्हणून लागलो. पस्तिसाव्या वर्षी हेल्पर. पगार खेपांच्या दिवसांतल्या आठवड्याच्या कमाईएवढा, आणि त्यातलाही थोडा कंत्राटदार उशिरा देई. ट्रक पुढल्या फेब्रुवारीत विकला. बेळगावकडचा माणूस खडीसाठी घेऊन गेला. वायरिंग उंदरांनी खाल्लं होतं, मागच्या चाकावर वेल चढली होती, ती मी विळ्यानं कापून काढली तेव्हा गाडी हलली.

गोळ्या कशा बनतात ते बाहेरच्याला माहीत नसतं, म्हणून थोडं सांगतो. पावडरीचे दाणे करून ते कॉम्प्रेशन मशीनमध्ये सोडतात. त्यात गोल फिरणाऱ्या चकतीत डाय म्हणजे साचे बसवलेले असतात, वरून आणि खालून पंच, म्हणजे पोलादी दांडे, येऊन दाबतात आणि तासाला हजारोंनी गोळ्या पडतात. एखादा पंच केसाएवढा झिजला तरी गोळीची कड तुटते. ऑपरेटर दर थोड्या वेळानं गोळ्या काढून वजन बघतो, कडकपणा बघतो. आत जाताना अंगठी, घड्याळ, हातातला देवाचा धागासुद्धा बाहेर ठेवायचा. डंपरच्या बेअरिंगवर नऊ वर्षं हात बसलेला असल्यामुळे मशीनचा आवाज बदलला की मला कळायचं. लिहिणं मात्र मला नव्यानं शिकावं लागलं.

पहिल्याच आठवड्यात मी लॉगबुकात वेळ चुकीची टाकली आणि तीच गिरवून दुरुस्त केली. खाणीवर कोणी पाहिलंही नसतं. इथं तेवीस वर्षांची सुपरवायझर मुलगी आली, काम थांबवलं आणि मला समोर बसवून दाखवलं. चुकलेल्या आकड्यावर एकच रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे. बाजूला बरोबर आकडा, सही, तारीख आणि कारण. ती म्हणाली, "काका, ही गोळी कोण खाणार ते आपल्याला माहीत नाही, म्हणून आपण काय केलं ते सगळं दिसलं पाहिजे." हे वाक्य मी आजपर्यंत नवीन येणाऱ्या प्रत्येक पोराला सांगतो. दोन वर्षांनी कंपनीनं मला कायम केलं. आज त्या विभागातली कॉम्प्रेशन मशीनं माझ्याकडे आहेत.

शेजारी आणि मी, दोघांचे ट्रक एकाच दिवशी थांबले. त्याच्याकडे गाडी होती आणि माझ्याकडे गाडीशिवाय फिटरचं काम होतं, एवढाच फरक. म्हणून कुठलीही नोकरी बघताना पगाराच्या आधी एक गोष्ट विचारा, हे उद्या बंद पडलं तर मी दुसऱ्या दारात काय म्हणून उभा राहीन? गोव्यात हा प्रश्न जास्त लागू पडतो. इथं बरंच काही मोसमावर आणि बाहेरच्यांच्या मर्जीवर चालतं. खनिज चीननं घेतलं तर, हॉटेलात पाहुणे आले तर. कोविडच्या २०२० मध्ये किनाऱ्यावरच्या लोकांनी तेच भोगलं जे आम्ही २०१२ मध्ये भोगलं.

आता तुमच्याबद्दल. बी.कॉम.चं कारखान्यात काय काम, असं वाटत असेल. कुंडई, मडकई, बेतोडा या तिन्ही वसाहती तुमच्याच तालुक्यात आहेत, वेर्णाही फार लांब नाही. तिथं स्टोअर्स, डिस्पॅच, खरेदी आणि अकाउंट्स ही चार खाती प्रत्येक कारखान्यात असतात आणि त्यांना हिशेब समजणारी माणसं लागतात. त्यांतलं स्टोअर्स मला सगळ्यात चांगलं वाटतं. माल आला की कुठल्या बॅचचा, किती, कुठं ठेवला, कुठला आधी जायला हवा, मुदत कधी संपते, हे ज्याला चोख सांगता येतं त्याला औषधात, अन्नप्रक्रियेत, मोपा विमानतळाच्या कार्गोत, कुठंही काम आहे. जीएसटीचं रिटर्न आणि टॅली हातात असेल तर फोंड्यातल्या कर सल्लागारांकडेही जागा असतात. पगार सुरुवातीला कमी असेल, तो कमी आहे हे मी मान्य करतो. अप्रेंटिसशिपही बघा. २०१४ च्या कायदादुरुस्तीनंतर तुमच्यासारख्या बिगरतांत्रिक पदवीधरांनाही ती मिळते आणि स्टायपेंड असतो. एक वर्ष आत राहिलात की कंपनी कशी चालते ते कळतं, आणि तिथल्या माणसांना तुम्ही कळता.

"स्थानिकांना घेत नाहीत" ही ओरड मी रोज ऐकतो. त्यात तथ्य आहे. कंत्राटदाराला बारा तास थांबणारा, खोलीत चौघं राहणारा माणूस स्वस्त पडतो. पण माझ्या डोळ्यांसमोर आमचीच पोरं पहिल्या नाइट शिफ्टनंतर परत आलेली नाहीत, हेही खरं आहे. दोन्ही लिहिलं पाहिजे.

बोटीवर जायचं मनात असेल तर जा, आपल्याकडे तारवटी म्हणजे खलाशी म्हणून पिढ्या गेल्या आहेत. फक्त सीडीसी, म्हणजे खलाशाचं सरकारी ओळखपुस्तक, काढा, एसटीसीडब्ल्यूचे, म्हणजे जहाजावरच्या सुरक्षेचे कोर्स मान्यताप्राप्त संस्थेतून करा आणि एजंटाकडे नौवहन महासंचालनालयाचा (डीजी शिपिंगचा) खलाशी भरतीचा आरपीएसएल परवाना आहे का ते बघा. नोकरी लावून देण्यासाठी खलाशाकडून पैसे घेणं बेकायदा आहे. पोर्तुगीज राजवटीतल्या पूर्वजांमुळे अनेक गोवेकरांना मिळणाऱ्या पोर्तुगीज पासपोर्टचा विषय मित्र काढतीलच. ब्रेक्झिटनंतर, २०२० संपल्यापासून, त्यावर इंग्लंडात जाऊन काम सुरू करणं पूर्वीसारखं मोकळं राहिलेलं नाही, आणि भारतीय नागरिकत्व जातं. त्या पासपोर्टवर आयुष्याचा बेत आखण्याआधी हे दोन्ही नीट समजून घ्या.

सरकारी परीक्षा सोडा असं मी म्हणणार नाही. आई-वडिलांची त्यामागची काळजी खरी आहे. आमच्या पिढीनं बंद पडलेल्या खाणी पाहिल्यात, त्यामुळे दर महिन्याला पगार देणारं दार आम्हाला देवळासारखं वाटतं. गोव्याच्या कर्मचारी निवड आयोगाच्या परीक्षा नोकरी करतानाही देता येतात, रजा घेऊन द्या. कोकणी लागतेच, मराठी उपयोगी पडते, ती तुम्हाला येतेच. पण नोकरी लावून देतो म्हणणाऱ्या कोणालाही एक रुपया देऊ नका. २०२४ च्या अखेरीस असे पैसे घेतल्याची किती प्रकरणं बाहेर आली आणि किती जणांना अटक झाली ते तुम्ही वाचलं असेल. त्यांत पैसे देणाऱ्यांनी दागिने मोडले होते, जमिनी गहाण ठेवल्या होत्या. घरचे सांगत असतील तर त्यांना हे दाखवा.

आणखी एक. आमचं घर आता एका पगारावर चालत नाही, आणि ते मुद्दाम तसं ठेवलंय. मार्च ते मे मी जमेल तशा रजा काढून काजूत असतो. बिया विकतो, बोंडांचा रस गावातल्या फेणी गाळणाऱ्या भाटीवाल्याला देतो. फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण बोंडं पहाटे उचलण्याचं काम तेच आहे. बायको भिरंडांची, म्हणजे कोकमांची, सोलं करते. पावसाआधी पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्यासाठीच्या साठवणीची, खरेदी चालू असते तेव्हा शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात बसते आणि दुपारपर्यंत टोपली रिकामी करून येते. हिशेब त्याच लाल कडांच्या वहीत लिहिते, मागची पानं कोरी होती. तुमच्याकडे फोंड्याला कुळागर असेल, थोडी सुपारी, मिरी, केळी असतील, तर ती वाऱ्यावर सोडू नका. गोवा बागायतदार सहकारी संस्थेला सुपारी घालायला वडील जातात तेव्हा एकदा त्यांच्याबरोबर जा आणि भाव, प्रतवारी, उधारी सगळं लिहून घ्या. बी.कॉम. केलेल्या मुलानं बापाचा हिशेब कधीच पाहिलेला नसतो, हे मी अनेक घरांत बघितलंय.

कुंडईच्या गेटांवर सकाळची शिफ्ट लागायच्या आधी गेलात तर आत जाणाऱ्यांशी बोलता येतं. एचआरच्या टेबलापेक्षा तिथं जास्त कळतं, पगार वेळेवर होतो का, कंत्राटावरून कायम किती वर्षांनी करतात, स्टोअर्समधला माणूस सोडून चाललाय का. बायोडेटाच्या चार प्रती खिशात असू द्या. आमच्या खात्यातला शेवटचा मुलगा असाच लागला, चहाच्या गाड्यावर माझ्याशी बोलून.