ईमेलने पॅच पाठवताना : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

गिट (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारी प्रणाली) वापरून केलेले कोडमधले बदल, म्हणजेच पॅच, ईमेलने कसे पाठवावेत, याविषयी ठाणे आणि नवी मुंबईतल्या वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी काही निवडक प्रश्न येथे घेतले आहेत. आज्ञांची नावे वाचनाच्या सोयीसाठी देवनागरीत छापली आहेत. संगणकावर ती अर्थातच रोमन लिपीत टंकायची आहेत.

प्रश्न : मी ऐरोलीतल्या एका कंपनीत एम्बेडेड सॉफ्टवेअरचे काम करतो. लिनक्स कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) एका ड्रायव्हरमध्ये मला चूक सापडली. ‘गिट डिफ’चा, म्हणजे जुन्या-नव्या कोडमधला फरक दाखवणारा, मजकूर कॉपी करून मी ब्राउझरमधल्या जीमेलमध्ये पेस्ट केला आणि मेंटेनरना (तो कोड सांभाळणाऱ्यांना) पाठवला. पॅच लागत नाही, असे त्यांचे उत्तर आले. माझ्या मशीनवर तोच डिफ व्यवस्थित लागतो. असे का व्हावे? — एक वाचक, घणसोली

उत्तर : आपला डिफ पाठवताना शाबूत होता, वाटेत तो बिघडला. डिफमधल्या प्रत्येक ओळीच्या आरंभी स्पेस, अधिक किंवा उणे यांपैकी एक चिन्ह असते आणि प्रत्येक तुकड्याच्या डोक्यावर त्यात जुन्या व नव्या किती ओळी आहेत याची मोजदाद असते. ब्राउझरमधले जीमेल टॅबच्या जागी स्पेस घालते आणि लांब ओळी ७८ अक्षरांच्या आसपास तोडते. कर्नलचा कोड टॅबनेच आत सरकवलेला असल्यामुळे आपल्या डिफमधली जवळजवळ प्रत्येक ओळ त्यामुळे बदलली असणार. मेंटेनरनी गिटचा संदेश जसाच्या तसा कळवला असेल, तर तो पुन्हा वाचून पाहा. ‘करप्ट पॅच’ असा संदेश असेल, तर बहुधा ओळ तुटली आहे, कारण तुटलेल्या ओळीच्या उरलेल्या तुकड्यापुढे कोणतेच चिन्ह नसते आणि वरची मोजदाद जुळत नाही. ‘पॅच डज नॉट अप्लाय’ असा संदेश असेल, तर रचना शाबूत आहे, पण आजूबाजूच्या ओळी त्यांच्याकडच्या फाइलशी जुळत नाहीत. त्यामागे टॅबचे स्पेस होणे हे एक कारण असते, आणि आपण जुन्या आवृत्तीवर काम केले असणे हे दुसरे.

म्हणून कॉपी-पेस्टचा मार्ग पूर्णपणे सोडून द्यावा. आधी बदल कमिट करावा (गिटमध्ये नोंदवावा) आणि मग ‘गिट फॉरमॅट-पॅच -१’ ही आज्ञा द्यावी. शेवटच्या कमिटची एक फाइल तयार होते, जिचे नाव ०००१ या आकड्याने सुरू होते आणि जिच्यात लेखकाचे नाव, तारीख, विषय, स्पष्टीकरण आणि डिफ हे सारे ईमेलच्याच घाटात मांडलेले असते. ती फाइल ‘गिट सेंड-ईमेल’ने पाठवावी. उबुंटू, डेबियन आणि फेडोरा यांवर त्यासाठी ‘गिट-ईमेल’ नावाचे वेगळे पॅकेज बसवावे लागते. जीमेलच्या सर्व्हरमार्फत पाठवणार असाल तर पोर्ट ५८७, एन्क्रिप्शन टीएलएस, आणि नेहमीच्या पासवर्डऐवजी अ‍ॅप पासवर्ड अशी जुळणी करावी. दोन टप्प्यांची पडताळणी चालू असल्याशिवाय अ‍ॅप पासवर्ड मिळत नाही.

मेंटेनरना पाठवण्याआधी तोच पॅच स्वतःच्या पत्त्यावर पाठवा, आलेले ईमेल मूळ रूपात डाउनलोड करा आणि कोऱ्या ब्रँचवर (कोडच्या वेगळ्या शाखेवर) ‘गिट एएम’ने लावून पाहा. तो तुमच्याकडे लागला, तर त्यांच्याकडे न लागण्याचे वाहतुकीतले कारण उरत नाही. या एका तपासणीला फाटा देऊ नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

पॅच फाइल अटॅच करून पाठवली तर चालणार नाही का, असाही आपला उपप्रश्न आहे. कर्नलमध्ये नाही, कारण तिथे परीक्षक उत्तर देताना आपल्या पॅचमधली नेमकी ओळ उद्धृत करून तिच्याखाली शेरा लिहितात, आणि अटॅचमेंटमधून तसे उद्धृत करणे गैरसोयीचे ठरते. पोस्टग्रेस या डेटाबेसच्या प्रकल्पात मात्र पॅच अटॅच करण्याचीच रीत आहे. ज्या घरी जायचे तिथली रीत आधी पाहून घ्यावी.

प्रश्न : आमच्या कार्यालयातून जाणाऱ्या प्रत्येक ईमेलखाली ‘हा मजकूर गोपनीय असून तो आपल्यासाठी नसल्यास नष्ट करावा’ अशा अर्थाचा परिच्छेद सर्व्हर आपोआप जोडतो. त्यामुळे पॅच नाकारला जाईल का? — एक वाचक, महापे

उत्तर : तो परिच्छेद सहसा डिफ संपल्यानंतर येतो, त्यामुळे पॅच लावण्यात तांत्रिक अडथळा क्वचितच होतो. अडचण अर्थाची आहे. सर्वांनी वाचावा, वापरावा आणि वाटावा असा कोड आपण देता आणि त्याच ईमेलमध्ये तो गोपनीय असल्याचेही म्हणता. अशा परस्परविरोधी पत्रातला कोड स्वीकारायला अनेक मेंटेनर नकार देतात, आणि माझ्या मते ते योग्यच करतात.

उपाय सोपा आहे. पॅच खासगी पत्त्यावरून पाठवावा, पण कमिटचा लेखक म्हणून कार्यालयाचाच पत्ता ठेवावा. लेखक आणि पाठवणारा यांचे पत्ते वेगळे असल्याचे दिसले की ‘गिट सेंड-ईमेल’ मजकुराच्या पहिल्याच ओळीत मूळ लेखकाचे नाव व पत्ता स्वतःहून घालते, आणि ‘गिट एएम’ लावताना तोच लेखक धरते. ‘साइन्ड-ऑफ-बाय’ या ओळीतला पत्ता मात्र लेखकाच्या पत्त्याशी जुळला पाहिजे. ‘गिट कमिट -एस’ वापरल्यास ती ओळ आपोआप येते.

या ओळीकडे केवळ उपचार म्हणून पाहू नये. एससीओ कंपनीने २००३ मध्ये आयबीएमवर लिनक्समधल्या कोडवरून दावा लावला, आणि त्यानंतर २००४ मध्ये कर्नलने प्रत्येक पॅचखाली ही सही मागायला सुरुवात केली. ती करताना ‘हा कोड देण्याचा मला अधिकार आहे’ असे आपण जाहीरपणे म्हणत असता. नोकरीच्या करारात आपण लिहिलेला कोड कंपनीच्या मालकीचा ठरत असेल, तर तो अधिकार आपल्या एकट्याचा नाही. तेव्हा वरिष्ठांची परवानगी लेखी घ्यावी. चहाच्या टपरीवर मिळालेला होकार पुरेसा नाही.

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मी एक ड्रायव्हर दुरुस्त केला, त्यातले जुने फंक्शन बदलले आणि मोकळ्या जागाही नीट केल्या. ‘पॅचचे तुकडे करा आणि कारण लिहा’ एवढेच उत्तर आले. सगळे बदल एकाच फाइलमधले असताना तुकडे कशासाठी? आणि मी ‘ड्रायव्हरमधील चूक दुरुस्त केली’ असे लिहिले होते, ते कारण नव्हे का? — एक विद्यार्थिनी, नेरूळ

उत्तर : दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करू. ‘चूक दुरुस्त केली’ हे कारण नव्हे. दुरुस्ती केली आहे हे डिफवरून दिसतेच. चूक कोणती होती, ती कोणाला आणि केव्हा भोवते, आणि हाच उपाय का निवडला, हे डिफमध्ये दिसत नाही. आपल्या पत्रासोबतच्या पॅचबाबत असे लिहिता आले असते : ‘प्रोब फंक्शनमध्ये क्लॉक चालू केल्यानंतर इंटरप्ट मिळाला नाही, तर फंक्शन थेट परतते आणि क्लॉक चालूच राहते. परतण्याआधी ते बंद करावे.’ पहिल्या वाक्यात स्थिती आहे, दुसऱ्यात आज्ञा. कर्नलमध्ये उपायाचे वाक्य असे आज्ञार्थीच लिहिण्याचा दंडक आहे. विषयाची ओळ ७० ते ७५ अक्षरांत बसवावी आणि तिच्या आरंभी उपप्रणालीचे नाव द्यावे. ज्या कमिटमुळे चूक शिरली ते सापडले असेल, तर त्याच्या हॅशची (गिटने दिलेल्या ओळखक्रमांकाची) पहिली १२ अक्षरे आणि विषय ‘फिक्सेस’ या ओळीत द्यावेत. जुन्या स्थिर आवृत्त्या सांभाळणाऱ्यांना ही दुरुस्ती कुठवर मागे न्यायची ते त्यावरून कळते.

आता तुकड्यांविषयी. उद्या आपल्या बदलामुळे कोणाचे यंत्र बंद पडले, तर तो ‘गिट बायसेक्ट’ने दोषी कमिट शोधील. तिन्ही बदल एकाच कमिटमध्ये असतील, तर त्याच्या हाती दोनशे ओळींचा गठ्ठा लागेल आणि दोष क्लॉकच्या दुरुस्तीत आहे की नव्या फंक्शनमध्ये, हे त्याला पुन्हा शोधावे लागेल. शिवाय केवळ दुरुस्ती घ्यावी आणि बाकीचे राहू द्यावे, अशी मुभा मेंटेनरला राहत नाही. आधी दुरुस्ती, मग फंक्शनचा बदल, आणि मोकळ्या जागांची साफसफाई सर्वांत शेवटी, असा क्रम मी सुचवीन. साफसफाईचा पॅच नाकारला गेला तरी पहिले दोन अडकून पडत नाहीत.

हे करण्यासाठी कमिट मागे घ्यावे, फाइलमधले बदल तसेच ठेवावेत आणि ‘गिट अ‍ॅड -पी’ने एकेक तुकडा निवडून वेगवेगळी कमिटे करावीत. एका तुकड्यात दोन हेतू मिसळले असतील, तर ‘एस’ दाबून तो आणखी फोडता येतो. प्रत्येक कमिटवर कोड कंपाइल झालाच पाहिजे, नाहीतर बायसेक्ट मधेच अडखळते. कमिटे एकामागोमाग पुन्हा लावणाऱ्या ‘गिट रिबेस’च्या ‘एक्झेक’ पर्यायाला ‘मेक’ ही आज्ञा दिली की प्रत्येक टप्प्यावर ती तपासणी होते. हे सारे काम इंटरनेटशिवाय होते, त्यामुळे ठाणे-पनवेल लोकलमध्ये बसायला जागा मिळाली तर तिथेही उरकता येईल.

तीन पॅच झाले की ‘कव्हर-लेटर’ हा पर्याय देऊन सोबतचे पत्रही तयार करावे. त्याच्या विषयात गिटने तारांकित जागा सोडलेली असते आणि ती तशीच राहिली तर ‘सेंड-ईमेल’ पाठवायलाच नकार देते. मालिका पुन्हा पाठवताना ‘-व्ही२’ द्यावा. आधीच्या आवृत्तीपेक्षा काय बदलले, ते पॅचमधल्या तीन आडव्या रेघांच्या खाली आणि डिफच्या वर लिहावे : तिथला मजकूर परीक्षक वाचतात, पण ‘गिट एएम’ तो कमिटमध्ये घेत नाही, त्यामुळे कायमच्या इतिहासात आपल्या सुधारणांची रोजनिशी शिरत नाही. दोन आवृत्त्यांतला फरक दाखवायला ‘गिट रेंज-डिफ’ आहे. २०१८ सालच्या २.१९ या आवृत्तीपासून ते गिटमध्ये मिळते.

प्रश्न : मी मराठी भाषांतराच्या फाइलींचे पॅच पाठवतो आणि लेखकाचे नावही देवनागरीत ठेवतो. तयार झालेल्या फाइलीत माझ्या नावाच्या जागी बरोबरची चिन्हे, अक्षरे आणि आकडे यांची निरर्थक रांग दिसते. हे दुरुस्त कसे करावे? — एक शिक्षक, ठाणे

उत्तर : काहीही दुरुस्त करू नका. ईमेलच्या शीर्षभागात पूर्वापार केवळ साधी रोमन अक्षरे चालत आल्यामुळे गिट आपले नाव तिथे सांकेतिक रूपात लिहिते; यूटीएफ-८ मध्ये प्रत्येक देवनागरी चिन्ह ३ बाइटचे असल्याने ती रांग नावापेक्षा कितीतरी लांब दिसते. ‘गिट एएम’ ती उलगडून मूळ नाव जसेच्या तसे कमिटमध्ये उतरवते. हाताने रांग बदललीत, तर नाव मात्र खरोखरच बिघडेल. पाठवताना एन्कोडिंग विचारले गेले तर यूटीएफ-८ सांगावे.

आपल्या कामात दुसरी एक अडचण संभवते. ईमेलमधली एक ओळ ९९८ बाइटपेक्षा लांब असू नये असा नियम आहे, आणि देवनागरीत ती मर्यादा साधारण ३३२ चिन्हांतच गाठली जाते. जेसन फाइलमधला एखादा मोठा परिच्छेद तिच्यापलीकडे सहज जातो. ‘सेंड-ईमेल’ अशा वेळी ‘कोटेड-प्रिंटेबल’ पद्धतीने मजकूर पाठवते, म्हणून ‘ट्रान्सफर-एन्कोडिंग’ हा पर्याय ‘ऑटो’वरच राहू द्यावा. नाव देवनागरीत ठेवण्याला माझा विरोध नाही, पण परदेशी परीक्षकांना आपल्याला उद्देशून लिहायचे असते. तिथे रोमन लिपीतले नाव सोयीचे पडते.

प्रश्न : पॅच पाठवून दहा दिवस झाले, उत्तर नाही. पुन्हा पाठवू का? — एक वाचक, कळवा

उत्तर : अजून थांबा. कर्नलमध्ये दोन-तीन आठवडे लागणे नेहमीचे आहे, आणि नवी आवृत्ती निघाल्यानंतरच्या दोन आठवड्यांच्या मर्ज विंडोत (पुढच्या आवृत्तीसाठीचे बदल सामील करून घेण्याच्या काळात) मेंटेनर नव्या पॅचकडे फारसे पाहत नाहीत. तोवर पॅच योग्य व्यक्तींना गेला होता ना, हे ‘गेट-मेंटेनर’ या स्क्रिप्टने तपासून घ्या.

प्रश्न : आमचा ग्राहक बंद नेटवर्कमध्ये काम करतो, त्यामुळे मी खारघरहून त्यांना ईमेलने पॅच पाठवते. त्यांच्याकडे पहिलाच पॅच अडतो. ते मग ‘पॅच’ या जुन्या आज्ञेने काम भागवतात. हे योग्य आहे का? — एक वाचक, खारघर

उत्तर : लॅरी वॉल यांनी १९८५ मध्ये लिहिलेली ती आज्ञा आजही उत्तम आहे, पण ती संदर्भाच्या ओळी थोड्याफार जुळल्या नाहीत तरी बदल लावून टाकते, आणि एकसारखी दिसणारी दोन फंक्शने असलेल्या फाइलीत तो चुकीच्या जागी बसू शकतो. शिवाय आपले नाव आणि कमिटचे स्पष्टीकरण गळून पडते. त्यांना ‘गिट एएम -३’ वापरायला सांगा. पॅचमध्ये मूळ फाइलींचे हॅश नोंदलेले असतात. त्या फाइली त्यांच्या रिपॉझिटरीत असतील तर गिट तिन्ही बाजू ताडून बदल लावते, आणि तरीही संघर्ष उरला तर तो सोडवून ‘गिट अ‍ॅड’ करायचे व ‘कंटिन्यू’ने पुढे जायचे. सगळेच फसले तर ‘अ‍ॅबॉर्ट’ने ब्रँच पूर्ववत होते. आपणही ‘फॉरमॅट-पॅच’ला ‘बेस’ हा पर्याय द्यावा, म्हणजे कोणत्या कमिटवर पॅच बेतला आहे ते फाइलच्या तळाशी छापून येईल.

आपल्या ब्रँचमध्ये मर्ज कमिटे (दोन शाखा जोडणारी कमिटे) आहेत का, हेही पाहा, कारण ‘फॉरमॅट-पॅच’ ती गाळते आणि मर्ज करताना सोडवलेले संघर्ष पलीकडे पोहोचतच नाहीत. पहिलाच पॅच अडण्याचे ते कारण नसले, तरी पुढे कधीतरी ते छळेल. पाठवण्याआधी रिबेस करून इतिहास सरळ करावा; मर्ज टिकवणे आवश्यकच असेल, तर पॅचऐवजी कमिटे इतिहासासकट एकत्र बांधणारी ‘गिट बंडल’ची फाइल पाठवावी आणि तिच्यासाठी लागणारी आधीची कमिटे त्यांच्याकडे आहेत की नाहीत, हे ‘बंडल व्हेरिफाय’ने त्यांना तपासायला सांगावे.