वाचकांचे प्रश्न : अमेरिकी सवयी आणि ब्रिटिश घर

या वेळी आलेल्या टपालात ब्रिटनमधील घरसंसाराविषयीची तीन पत्रे एकत्र छापण्याजोगी वाटली. तिन्ही पत्रलेखकांना अमेरिका चांगली परिचयाची आहे आणि भाषा एक म्हणजे रीतही एकच, असे तिघांनीही कमीअधिक गृहीत धरलेले दिसते. शाळेसंबंधीची उत्तरे केवळ इंग्लंडला लागू आहेत. स्कॉटलंडची शाळा वेगळ्या कॅलेंडरवर चालते.

प्रश्न : आम्ही बरीच वर्षे न्यू जर्सीत राहत आहोत. पतीची बदली लीड्सला झाली असून येत्या ऑगस्टमध्ये आम्ही तिकडे जाऊ. मुलगी नऊ वर्षांची आहे आणि मुलगा ऑगस्टअखेरीस चार वर्षांचा होईल. त्याच्या किंडरगार्टनला इथे अजून वर्षभर अवकाश आहे. शाळा, दवाखाना आणि सामान यांबाबत आम्ही कशाची तयारी ठेवावी?
— एक वाचक, एडिसन

उत्तर : सर्वांत आधी मुलाचे पाहा, कारण तिकडे त्याला वर्षभराचा अवकाश नाही. इंग्लंडमध्ये ३१ ऑगस्टपर्यंत चार वर्षे पूर्ण केलेले मूल त्याच सप्टेंबरात ‘रिसेप्शन’ या शाळेच्या पहिल्या वर्गात जाते आणि त्या वर्गासाठी अर्ज करण्याची मुदत त्याआधीच्या १५ जानेवारीला संपते. म्हणजे आपण उतरण्यापूर्वीच ती गेलेली असेल व उशिराचा अर्ज करावा लागेल. कायद्याने शाळा सक्तीची होते ती पाचव्या वाढदिवसानंतरच्या सत्रापासून. त्यामुळे एप्रिल ते ऑगस्टमध्ये जन्मलेल्या मुलाला वर्षभर उशिरा, पण रिसेप्शनमध्येच बसवावे, अशी विनंती पालकांना करता येते. ती मान्य करायची की नाही, हे मात्र शाळा किंवा कौन्सिल, म्हणजे तिथली स्थानिक नगरसंस्था, ठरवते. अमेरिकेत मूल लहानखोर वाटले की वर्षभर थांबवणे हा बहुधा घरातला निर्णय असतो, इथे तो अर्जाचा विषय आहे. मुलीचे सोपे आहे. तिथे चौथीत जाणारे मूल इथे ‘इयर फाइव्ह’मध्ये बसते, त्यात तिचे काहीही पुढे-मागे होत नाही.

घर घेण्याआधी एक फरक पक्का समजून घ्यावा. न्यू जर्सीत ज्या शाळा-जिल्ह्यात आपण राहता, त्या जिल्ह्याची शाळा आपल्या मुलांची असते. म्हणून चांगला जिल्हा पाहून घर घेतले की काम झाले. इंग्लंडमध्ये पत्त्यामुळे शाळेवर हक्क मिळत नाही. अर्जांचा क्रम लावला जातो आणि त्यात आधीपासून शाळेत असलेले भावंड आणि घरापासूनचे अंतर या गोष्टींना मोठे वजन असते. नावाजलेली शाळा भरली की दोन गल्ल्या पलीकडच्या मुलालाही ती मिळत नाही. आदल्या वर्षी शेवटचा प्रवेश किती अंतरापर्यंत मिळाला, हे आकडे पुष्कळ कौन्सिले प्रसिद्ध करतात. घरमालकाशी बोलण्यापूर्वी ते पाहावेत, आणि प्राथमिकबरोबर माध्यमिक शाळेचेही पाहावेत, कारण मुलीच्या माध्यमिक शाळेचा अर्ज ‘इयर सिक्स’च्या ३१ ऑक्टोबरपर्यंत द्यावा लागतो आणि तो दिवस येईपर्यंत जेमतेम सव्वा वर्ष हातात राहते.

गणवेश लागेल. पिवळी बस येणार नाही; प्राथमिक शाळेच्या फाटकापर्यंत मुलांना कोणीतरी चालत नेते-आणते आणि पालकांच्या ओळखी त्या फाटकाशीच होतात. रिसेप्शन व पुढची दोन वर्षे शाळेतील दुपारचे जेवण सर्व मुलांना मोफत असते, ही योजना २०१४ पासून चालू आहे. मुलीला डबा देणार असाल तर शाळेचा नियम आधी विचारा, कारण बऱ्याच शाळांत शेंगदाण्याला पूर्ण बंदी आहे. साबुदाण्याच्या खिचडीतले कूट, पोळीबरोबरची दाण्याची चटणी, गुळपापडीवर पेरलेले दाणे, हे सगळे त्यात आले.

दुसरी गोष्ट सुट्ट्यांची, आणि मराठी घरांत खटका उडतो तो नेमका इथे. न्यू जर्सीतल्या दहा आठवड्यांच्या उन्हाळी सुटीऐवजी इथे सहा आठवडेच मिळतात आणि उरलेली सुटी प्रत्येक सत्राच्या मध्यावर आठवड्याआठवड्याने वाटून येते. लग्नसराईसाठी डिसेंबरच्या आरंभी मुलांना घेऊन पुण्याला जावे, असे मनात आले तर शाळा बुडवण्याची परवानगी बहुतेक मिळत नाही. विनापरवाना पाच दिवस बुडवले तर ऑगस्ट २०२४ पासून प्रत्येक मुलामागे प्रत्येक पालकाला ८० पौंड दंड होऊ शकतो, आणि २१ दिवसांत न भरल्यास तो १६० होतो. दोन मुले आणि दोन पालक असा हिशेब करून पाहावा.

दवाखान्याच्या बाबतीत अमेरिकेतून आलेल्या आया सुरुवातीला गोंधळतात, कारण मुलांचा असा स्वतंत्र डॉक्टर इथे नसतो. घराजवळच्या जीपीकडे, म्हणजे आपल्या जुन्या फॅमिली डॉक्टरकडे, सगळ्या कुटुंबाची नोंदणी होते. बालरोगतज्ज्ञ भेटतो तो जीपीने पाठवले तर. निरोगी मुलाची वार्षिक तपासणीही होत नाही. व्हिसाबरोबर आरोग्य अधिभार भरावा लागतो, तो मोठ्यांना वर्षाला १०३५ पौंड व मुलांना ७७६ पौंड आहे. त्यानंतर डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर पडताना कोणी पैसे मागत नाही. थांबावे मात्र लागते, आणि विम्याच्या कागदांत गुंतण्यापेक्षा ते बरे की वाईट, यावर दोन्ही देश पाहिलेल्यांचे एकमत मी अद्याप ऐकलेले नाही.

सामानाचे थोडक्यात सांगतो. अमेरिकेतील विजेची उपकरणे विकून टाका. ती १२० व्होल्टची असतात आणि इथे २३० व्होल्ट वीज आहे. मोठा सोफाही विका. इथल्या जाहिराती घराचे चौरस फूट सांगण्याऐवजी शयनगृहांची संख्या सांगतात आणि जिना किती अरुंद आहे, हे सामान दारात उतरल्यावर कळते. अमेरिकी कुटुंब सोय घरात साठवते. दुसरा फ्रीज, तळघर, खेळायची खोली, दोन गाड्यांचे गॅरेज असे सगळे तिथे उंबरठ्याच्या आत असते. ब्रिटिश कुटुंबाने त्यातले पुष्कळसे घराबाहेर ठेवले आहे. कोपऱ्यावरचे दुकान, बाग, वाचनालय, बस आणि दवाखाना हे त्याच्या घराचेच विस्तार आहेत, हे एकदा मनाने घेतले की लहान घर तितकेसे लहान वाटत नाही.

प्रश्न : मुलीकडे डॅलसला दोन बाळंतपणांसाठी राहून आले. आता मुलगा-सून बर्मिंगहॅमला असतात आणि सुनेला दिवस गेले आहेत. ती म्हणते की घरात कपडे वाळवण्याचे यंत्र नाही, धुण्याचे यंत्र स्वयंपाकघरात ओट्याखाली आहे आणि फ्रीज कमरेइतका आहे. माझे तिथे कसे निभेल? आणि मिक्सर नेऊ का?
— एक आजी, नाशिक

उत्तर : मिक्सर अवश्य न्या, आजी. भारत आणि ब्रिटन यांच्या विजेचा दाब सारखाच असल्यामुळे केवळ प्लग बदलावा लागतो; डॅलसला हाच मिक्सर ट्रान्सफॉर्मरविना चालला नसता. याच कारणाने चहाचे पाणीही बर्मिंगहॅमला झटपट उकळते. ब्रिटिश किटली तीन किलोवॅटची असते, अमेरिकी किटली साधारण दीड. न्हाणीघरात मात्र साधा प्लग लावायला जागा सापडणार नाही आणि दिव्याचे बटण म्हणून छतापासून लोंबणारी दोरी ओढावी लागेल. ओल्या हाताने विजेला स्पर्श होऊ नये म्हणून तो नियम आहे. घर जुने असेल तर वॉशबेसिनला गरम आणि गार पाण्याचे दोन वेगळे नळ दिसतील. गरम पाणी माळ्यावरच्या टाकीतून येत असे व ते पिण्याच्या पाण्यात मिसळू नये, अशी त्यामागची जुनी काळजी आहे.

कपड्यांचे तुम्हाला काहीच अवघड जाणार नाही. तिथले धुण्याचे यंत्र गार पाणी घेऊन स्वतः तापवते, म्हणून डॅलसला पाऊण तासात निघणारे कपडे बर्मिंगहॅमला दोन तास फिरत राहतात. ऊन असेल तर ते मागच्या बागेत दोरीवर जातात आणि नसेल तर घरातल्या घडीच्या स्टँडवर. अमेरिकेत पुष्कळ वसाहतींचे नियम दोरीवर कपडे घालायला मनाई करत आले आहेत आणि काही राज्यांना कायदा करून ती मनाई मोडावी लागली, हे कळल्यावर ब्रिटिश शेजारीण तुमच्याइतकीच चकित होईल. काळजी एवढीच की हिवाळ्यात खोलीत कपडे वाळत असताना खिडकी थोडी उघडी ठेवावी; एरवी ओल भिंतीत मुरते आणि पडद्यामागे काळी बुरशी धरते.

खरा फरक बाळंतपणात आहे. अमेरिकेच्या १९९३ च्या केंद्रीय कायद्याने आईला बारा आठवड्यांची रजा मिळते, तीही बिनपगारी आणि नोकरीच्या अटी बसल्या तरच. आजी तिथे पोहोचते ती बहुधा आई कामावर परतायच्या सुमारास, मूल सांभाळायला. ब्रिटनमध्ये नोकरदार आईला ५२ आठवड्यांची रजा घेता येते. पात्र असल्यास त्यांतील ३९ आठवडे पैसे मिळतात. पहिले सहा आठवडे पगाराच्या ९० टक्के आणि पुढे ठरावीक, बरीच कमी रक्कम, त्यामुळे पुष्कळजणी वर्ष पूर्ण व्हायच्या आतच परततात. तरीही तुम्ही जाल तेव्हा सूनबाई घरीच असतील. मूल सांभाळण्यापेक्षा डिंकाचे लाडू, गरम जेवण आणि तिची झोप, ही कामे तुमच्याकडे येतील.

सगळे ठीक असेल तर रुग्णालयातून त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी सोडतात. मग सुईणीचे काम करणारी ‘मिडवाइफ’ घरी येऊन आई-बाळाला पाहून जाते, आणि सुमारे दोन आठवड्यांनी ‘हेल्थ व्हिजिटर’, म्हणजे लहान मुलांची देखरेख करणारी परिचारिका, येते. बाळाचे वजन आणि लसी लाल पुठ्ठ्याच्या वहीत लिहिल्या जातात. त्या वहीला हात लागेल तेव्हा बाळ कुठे झोपते, असा प्रश्नही येईल. त्याला पाठीवर, स्वतंत्र पाळण्यात, उशीविना निजवावे असा तिथला आग्रह आहे. म्हणून मोहरीची उशी नाशिकलाच राहू द्या. (डॅलसच्या डॉक्टरांनीही हेच सांगितले असणार.)

फिरण्याची चिंता नको. गाडीवाचून घरात अडकून पडण्याचा डॅलसचा अनुभव बर्मिंगहॅमला यायचा नाही, कारण पदपथ आहेत, बस आहे आणि भाजी घ्यायला चालत जाता येते. प्रवासविमा मात्र उतरवाच. अपघात विभागातील तपासणी पाहुण्यांनाही मोफत असली, तरी दाखल व्हावे लागल्यास भारतीय पाहुण्यांकडून ठरलेल्या दराच्या दीडपट आकारणी होते.

प्रश्न : शार्लटहून रेडिंगला आल्यावर मुलाच्या वर्गमित्राच्या वाढदिवसाला आम्ही चौघेही गेलो. भेटवस्तू कोणी उघडली नाही, कार्यक्रम दोन तासांत आटोपला आणि केक खायला न देता कागदी रुमालात गुंडाळून हातात दिला. आमचे काही चुकले का?
— एक वाचक, रेडिंग

उत्तर : केकचे आणि भेटवस्तूचे काहीही मनावर घेऊ नये. केकचा तुकडा परतभेटीच्या पिशवीत घालून घरी देणे, ही इथली सर्वसाधारण रीत आहे आणि भेटवस्तू पाहुणे गेल्यावर उघडतात. काही दिवसांनी मुलाच्या नावे आभाराचे कार्ड येते. चौघांनी जाणे मात्र टाळायला हवे होते. निमंत्रणावर ज्याचे नाव आहे, त्यानेच जायचे असते. लहान मुलाबरोबर एक पालक थांबतो, धाकट्या भावंडाला न्यायचे असेल तर आधी विचारतात. आपल्याकडे ‘सहकुटुंब’ हे गृहीत असते, इथे नसते.

आपल्या मुलाच्या वेळी घरी घाट घालू नका. वर्गातल्या तीस मुलांना बोलवायचे तर चर्चचे किंवा वस्तीचे सभागृह दोन-तीन तासांच्या भाड्याने घेतात. निमंत्रणावर सुरू होण्याची आणि संपण्याची, दोन्ही वेळा लिहाव्यात, कोणाला कशाची ॲलर्जी आहे ते विचारावे, आणि सभागृह चारपर्यंत घेतले असेल तर पावणेचारलाच खुर्च्या रचायला लागावे. थांबलेले पालक न सांगता हात लावतात.