उन्हाळी भुईमूग पहिल्यांदाच करतोयस ना?

पोरा, शेजाऱ्यानं तिफण काढली म्हणून घाई करू नकोस. पहाटे मोटार चालू करायला जाताना मला अजून घोंगडं लागतंय; एवढ्या थंडीत बी नीट उगवत नाही. फेब्रुवारी लागू दे. तोवर ओल्या गोणपाटात 100 दाणे गुंडाळून ठेव, सहा दिवसांनी मोज. सत्तरच्या आत आले तर ते बी चटणीला. एका साली मी मोजलं नाही, निम्मं रान मोकळं राहिलं, वर घरच्यांची बोलणी! शेंगा हातानंच फोड, लाल साल निघालेला दाणा बाजूला टाक. ज्वारीची काढणीही याच दिवसांत, मजूर आत्ताच सांगून ठेव. आणि उजनी धरणाच्या कालव्याला पाळीनं सुटणाऱ्या पाण्यावर विसंबू नको, आधी विहिरीत डोकाव. फुलातून खाली येऊन मातीत शिरणाऱ्या, शेंग धरणाऱ्या आऱ्या सुटताना पाणी चुकलं तर नुसता पाला हाती येतो.