स्वादुपिंडाच्या ऑपरेशननंतरचा मृत्युदर जर्मनीत १० टक्के आणि अमेरिकेत ४ टक्क्यांच्या आत, असं का?

तुम्ही लिहिलंय की वडिलांचं व्हिपल ऑपरेशन (स्वादुपिंडाचा डोक्याकडचा भाग आणि त्याला लागून असलेला आतड्याचा तुकडा काढण्याचं) पुण्यात ठरतंय, रात्री जागून देशोदेशीचे आकडे वाचले आणि धडकी भरली. जर्मनीत दहातला एक दगावतो, मग आपल्याकडे काय होत असेल? मी डॉक्टर नाही. रुग्णालयांच्या नोंदींवर आकडेमोड करणं हे माझं पोटापाण्याचं काम, तेवढ्यापुरतंच सांगतो.

आकडा वाचताना आधी बघायचं ते हे, की मृत्यू कधीपर्यंत मोजलेत. अमेरिकेच्या राष्ट्रीय कॅन्सर डेटाबेसमध्ये २००७ ते २०१० या काळातल्या एकवीस हजारांवर रुग्णांचा हिशोब आहे. ऑपरेशननंतर ३० दिवसांत दगावलेले ३.७ टक्के, तेच ९० दिवसांपर्यंत मोजले तर ७.४. म्हणजे दुप्पट! माणसं तीच, ऑपरेशनं तीच, फक्त कॅलेंडरची दोन पानं पुढे उलटली. या ऑपरेशनची खोडच तशी आहे. स्वादुपिंड आणि आतडं यांच्या जोडातून पाचकरस गळायला लागला की पोटात पू होतो, रक्तवाहिनी झिजते, आणि पेशंट आठवडेच्या आठवडे झुंजत राहतो. तिसाव्या दिवशी आयसीयूत असलेला माणूस त्या आकड्यात 'जिवंत' धरला जातो.

मग जर्मनीचे दहा? तो अभ्यास २००९ ते २०१३ चा, ५८ हजार रुग्णांचा, आणि आकडा १०.१ टक्के. तिथे रुग्णालयांच्या बिलांच्या नोंदी वापरल्या. बिल सगळेच लावतात, त्यामुळे वर्षाला दोन-चार ऑपरेशनं करणारी छोटी रुग्णालयंही त्यात आली. शिवाय डिस्चार्जच्या आधी झालेला प्रत्येक मृत्यू धरला, मग तो पन्नासाव्या दिवशी का असेना. त्याच जर्मनीत सर्जनांच्या संघटनेची वेगळी नोंदणी आहे, पण ती ऐच्छिक. ऐच्छिक नोंदणीत उतरतात ते बहुधा मोठे आणि आपल्या कामाची खात्री असलेले, म्हणून तिथलं चित्र साहजिकच बरं दिसतं. अमेरिकेत सर्जरीचा दर्जा मोजणाऱ्या मोठ्या कार्यक्रमातही रुग्णालयं फी भरून आपणहून येतात, आणि पाठपुरावा ३० दिवसांचा. स्वीडनमध्ये प्रत्येक नागरिकाचा ओळख क्रमांक लोकसंख्येच्या नोंदीला जोडलेला असल्याने घरी गेल्यावर झालेला मृत्यूही निसटत नाही. या सगळ्या नोंदींतले आकडे एका तक्त्यात मांडणं म्हणजे शेर, किलो आणि पायली एकाच काट्यावर घालणं.

तरी या नोंदी फुकट गेल्या असं नाही. नेदरलँड्सचंच बघा. रुग्ण मोजक्या केंद्रांकडे वळवायला सुरुवात झाली आणि व्हिपलनंतरचे रुग्णालयातले मृत्यू २००४ मधल्या ९.८ टक्क्यांवरून २००९ मध्ये ५.१ वर आले. पुढे २०११ पासून वर्षाला किमान २० व्हिपल करणाऱ्या रुग्णालयांनीच ती करावीत असा दंडक आला. मग त्यांच्या १७ केंद्रांनी आणखी एक गोष्ट करून पाहिली. ऑपरेशननंतर तिसऱ्या ते चौदाव्या दिवसापर्यंत रोज ताप, रक्ततपासण्या, ड्रेनमधलं (पोटातला द्रव बाहेर काढणाऱ्या नळीतलं) पाणी ठरावीक पद्धतीने तपासायचं, आणि गळतीचा जरा संशय आला की लगेच सीटी स्कॅन. ९० दिवसांतले मृत्यू ५ टक्क्यांवरून ३ वर आले. मला तर हा आकडा देशादेशांच्या तुलनेपेक्षा कितीतरी मोलाचा वाटतो. यात सर्जनचे हात तेच होते, लक्ष ठेवण्याची रीत बदलली.

आपल्याकडे मुंबईची कॅन्सर नोंदणी १९६३ पासून आहे, पण ती कॅन्सर किती जणांना झाला ते मोजते, ऑपरेशननंतर काय झालं ते नव्हे. त्यामुळे 'भारताचा मृत्युदर' शोधत बसू नका. तुमच्या सर्जनलाच विचारा: गेल्या वर्षी व्हिपल किती केलीत? ९० दिवसांच्या आत किती जण गेले? आणि रात्री दोन वाजता रक्तस्राव झाला, तर रक्तवाहिनीत तार घालून तो थांबवणारा रेडिओलॉजिस्ट याच इमारतीत मिळतो का?

विचारायला संकोच वाटतो, माहीत आहे. माझ्या काकांच्या वेळी एका ठिकाणी "आमचे रिझल्ट उत्तम आहेत" एवढंच ऐकून आम्ही उठलो. दुसऱ्या डॉक्टरांनी वही काढली. त्यांचा एक पेशंट घरी गेल्यावर चाळिसाव्या दिवशी गेला होता, तोही त्यांनी मोजला होता. ऑपरेशन तिथेच केलं.