इंजिन विकायची ओळ आधी खोडा

मिशिगनमधल्या नोव्हायहून एका वाचकांनी लिहिलं आहे:

"२०१४ साली मी शेजारच्या एका निवृत्त गृहस्थांकडून १९६८ ची पाँटिॲक जीटीओ ३१,००० डॉलरला घेतली. ते पाँटिॲकच्या कारखान्यातच कामाला होते आणि गाडी त्यांनी स्वतः नवी घेतलेली. इंजिन आणि चार गिअरचा बॉक्स मूळचा आहे, व्हर्डोरो ग्रीन रंगही बराचसा कारखान्यातलाच. पण चालवताना जीव मेटाकुटीला येतो. ब्रेक ड्रमचे, एसी नाही, हायवेवर इंजिन ओरडत असतं. एका वर्कशॉपने ६८,००० डॉलरचं कोटेशन दिलं आहे. त्यात नवं एलएस३ इंजिन, सहा गिअरचा बॉक्स, चारही चाकांना डिस्क ब्रेक, एसी, नवं सस्पेन्शन आणि नवा रंग आलं. जुनं इंजिन आणि गिअरबॉक्स ते ४,००० डॉलरला ठेवून घेणार, ते वजा करूनच हा आकडा. ३०,००० बचतीतून देईन, उरलेले ३८,००० घरावरच्या क्रेडिट लाइनमधून. अशा रेस्टोमॉड, म्हणजे बाहेरून जुन्या पण आतून नव्या यंत्रांच्या, गाड्या लिलावात लाखाच्या वर जातात, म्हणून मी हा खर्च गुंतवणूक समजतो आहे. बायको म्हणते, मुलगा दोन वर्षांत कॉलेजला जाईल, आधी ते बघ. तुम्ही काय सांगाल?"

नमस्कार,

तुमचं कोटेशन मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा नजर त्या ४,००० च्या ओळीवर अडली. बाकीचं काम करावं की नाही यावर आपण बोलू. पण मूळ इंजिन आणि गिअरबॉक्स वर्कशॉपला देऊन टाकायचं, ही ओळ मला कोणत्याही परिस्थितीत मान्य नाही. का, ते सविस्तर सांगतो, कारण तुमच्या प्रश्नाचं बहुतेक उत्तर त्यातच आहे.

१९६८ ची जीटीओ दुर्मिळ गाडी नाही. त्या एका वर्षात ८७,६८४ गाड्या बनल्या. 'मोटर ट्रेंड' मासिकाने तिला त्या वर्षीची सर्वोत्तम गाडी ठरवलं होतं आणि ती खपलीही तशीच. त्यामुळे नुसती 'जीटीओ आहे' यावर फार मोठी किंमत येत नाही. किंमत येते ती तुमची गाडी कारखान्यातून जशी निघाली तशीच आजही आहे, आणि ते कागदावर सिद्ध करता येतं, याची. मधल्या पन्नासेक वर्षांत किती जणांनी इंजिनं बदलली, किती जणांनी पुढचा बंपर आणि बोधचिन्हं लावून पाँटिॲकच्याच साध्या लेमान्स मॉडेलची जीटीओ केली, याला गणती नाही. जाणकार गिऱ्हाईक म्हणूनच आधी आकडे बघतो.

ते आकडे तुम्ही या शनिवारीच बघून घ्या. व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक, २४२ ने सुरू व्हायला हवा. १९६४-६५ मध्ये जीटीओ हे लेमान्सवर मिळणारं एक पॅकेज होतं. जनरल मोटर्सचा नियम होता की मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घनइंचापेक्षा मोठं इंजिन बसवायचं नाही. पाँटिॲकचे तेव्हाचे मुख्य अभियंता जॉन डीलोरियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३८९ घनइंचाचं इंजिन ऑप्शन म्हणून देऊन त्या नियमाला वळसा घातला. १९६६ पासून जीटीओ स्वतंत्र मॉडेल झालं आणि तिला २४२ हा आकडा मिळाला. त्यामुळे तुमची गाडी खरी जीटीओ आहे की नाही हे नंबरच सांगतो. त्यात पुढे 'पी' असेल तर ती मिशिगनमधल्या पाँटिॲक गावातच जुळलेली आहे. मग इंजिनाच्या ब्लॉकवर पुढच्या बाजूला दोन अक्षरी कोड शोधा. ३५० अश्वशक्तीचं ४०० घनइंची इंजिन आणि मॅन्युअल गिअर असतील तर तो 'डब्ल्यूटी' असायला हवा. १९६८ पासून ब्लॉकवर व्हीआयएनचे आकडेही ठोकलेले असतात, ते गाडीच्या नंबराशी जुळवा. शेवटी पाँटिॲक हिस्टॉरिक सर्व्हिसेसकडून कारखान्याच्या नोंदींच्या प्रती मागवा. पाँटिॲकवाले या बाबतीत नशीबवान आहेत. त्याच काळातल्या शेव्हरोलेच्या मालकांना अमेरिकेतल्या गाडीसाठी असा कागद सहसा मिळत नाही.

हे सगळं जुळलं, तर तुमच्या दारात उभी आहे ती एकाच मालकाकडून आलेली, मूळ इंजिनाची, कागदोपत्री सिद्ध होणारी गाडी. ते इंजिन ४,००० डॉलरला गेलं की गाडीच्या किमतीतला जो भाग त्याच्यावर उभा आहे तोही त्याच्यासोबत जातो. पुढच्या मालकाने कितीही पैसे मोजले तरी तो परत आणता येत नाही. पाँटिॲक हा ब्रँडच २०१० मध्ये संपला. गाडीला नवा हिरवा रंग कधीही देता येईल, पण १९६८ मध्ये कारखान्यात चढलेला रंग परत कुणीच देऊ शकणार नाही.

आता गुंतवणुकीचा मुद्दा. आपल्याकडे दागिना मोडायला सराफाकडे नेला की तो वजन करतो आणि सोन्याचे पैसे देतो. घडणावळ कुणी परत देत नाही. गाडीवर केलेल्या बदलांचा खर्च ही घडणावळ आहे. तुमच्या आवडीचं इंजिन, तुमच्या आवडीचा रंग, तुमच्या आवडीच्या सीटा, यांची पूर्ण किंमत दुसरा माणूस मोजत नाही, कारण त्याची आवड वेगळी असते. लिलावात लाखाच्या वर गेलेली रेस्टोमॉड तुम्हाला दिसते, पण ती बांधायला किती लागले ते पडद्यावर येत नाही. त्यावर विकणाऱ्याचं कमिशन असतं, आणि घेणाऱ्याला वर साधारण १० टक्के प्रीमियम द्यावा लागतो म्हणून तो बोलीही तेवढी जपूनच लावतो. शिवाय तुमच्या बाबतीत घडणावळीसाठी सोनंच वितळवून टाकायचा बेत आहे. माझा मुख्य आक्षेप तोच आहे.

कराचं गणितही याच बाजूला झुकतं. समजा काहीही न बदलता गाडी उद्या ५०,००० ला गेली. १९,००० चा नफा होईल. एक वर्षाहून जास्त ठेवलेल्या अशा संग्राह्य वस्तूंवर केंद्राचा कर जास्तीत जास्त २८ टक्के धरतात, म्हणजे ५,३२० डॉलर. त्यावर मिशिगनचा ४.२५ टक्के, आणि दोघांचं मिळून उत्पन्न अडीच लाखांच्या वर असेल तर आणखी ३.८ टक्के. आता समजा तुम्ही ६८,००० घातले. मूळ किंमत आणि सुधारणा मिळून तुमचे ९९,००० गुंतले. ती गाडी ८०,००० ला विकली तर १९,००० चा तोटा. हौसेसाठी ठेवलेल्या वस्तूच्या विक्रीतला तोटा करातून वजा होत नाही. नफ्यात सरकार वाटेकरी आणि तोटा एकट्या तुमचा. दोन्ही विक्रीच्या किमती मी गणितासाठी धरल्या आहेत, तुमच्या गाडीची खरी किंमत जाणकाराकडून काढून घ्या. पण हिशोबाची दिशा बदलणार नाही.

न बदललेल्या गाडीलाही मी गुंतवणूक म्हणत नाही, हे स्पष्ट सांगतो. मसल कारच्या किमती २००० च्या दशकाच्या मध्यात चढल्या आणि २००८ च्या मंदीनंतर धाडकन उतरल्या. ज्यांनी शिखरावर घेतल्या त्यांना फार सोसावं लागलं. या गाड्यांवर पोरवयात जीव जडलेली पिढी आता सत्तरीत आहे, आणि त्यांच्यामागून येणारं गिऱ्हाईक किती उत्साही असेल याचा भरवसा मी देऊ शकत नाही. गाडी व्याज देत नाही, लाभांश देत नाही, उलट विमा, जागा आणि डागडुजी मागते. ती तुमच्या ताळेबंदात हौसेच्या रकान्यात ठेवा. हौस असणं वाईट नाही. मी सगळ्यांच्या अंदाजपत्रकात तो रकाना आग्रहाने ठेवतो.

क्रेडिट लाइनला मात्र माझा सरळ नकार आहे. ३८,००० वर ८ टक्के धरले आणि दहा वर्षांत फेडायचं म्हटलं तर महिन्याला सुमारे ४६१ डॉलर जातील आणि एकूण व्याज १७,३०० च्या आसपास होईल. हे पैसे घर बांधायला किंवा सुधारायला वापरले नाहीत म्हणून त्या व्याजाची वजावटही मिळणार नाही. दर बहुधा बदलता असतो, तो वाढला की हप्ता वाढतो. आणि तारण आहे राहतं घर. मुलाच्या कॉलेजची चार वर्षं बरोबर याच हप्त्यांच्या मधोमध येतात. तुमच्या पत्नी जे म्हणतात त्याला माझ्याकडून पूर्ण पाठिंबा आहे. हातातल्या ३०,००० पैकी सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला काढा. मुलाचं ५२९ खातं (कॉलेजखर्चासाठीचं बचत खातं) मिशिगनच्या योजनेत असेल तर संयुक्त विवरणपत्रावर वर्षाला १०,००० डॉलरपर्यंतच्या भरण्याला राज्याच्या करात वजावट आहे. पुढची दोन वर्षं ती पुरेपूर घ्या.

तरीही गाडी चालवताना होणारा त्रास खरा आहे आणि 'मूळ आहे म्हणून सोसा' असं मी म्हणणार नाही. गॅरेजमध्ये झाकून ठेवलेली गाडी तुम्हाला आनंद देत नसेल तर ती ठेवण्यात अर्थ नाही. म्हणून माझी कसोटी एकच: जो बदल एका रविवारी पान्यांनी काढून जुना भाग परत बसवता येतो, तो करा. जिथे कापावं, वेल्डिंग करावं किंवा रंग खरवडावा लागतो, तिथे थांबा.

पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक बसवा. १९६८ मध्ये ते ऑप्शन म्हणून मिळतच होते, त्यामुळे गाडीच्या स्वभावाविरुद्धही जात नाही. जिवाचा प्रश्न आहे, हा खर्च सगळ्यात आधी. चांगले रेडियल टायर घ्या. इग्निशनचे पॉइंट काढून त्याच डिस्ट्रिब्यूटरच्या टोपीखाली इलेक्ट्रॉनिक संच बसतो, बाहेरून कळतही नाही. त्या इंजिनाचं कॉम्प्रेशन १०.७५ आहे आणि ते शिसं घातलेल्या पेट्रोलसाठी बनलं होतं, म्हणून आजच्या प्रीमियम पेट्रोलवरही नॉकिंग करत, म्हणजे ठोके देत, असेल तर जुन्या पाँटिॲकवर हात बसलेल्या मेकॅनिककडून टायमिंग लावून घ्या. हायवेवर ओरडण्याचं कारण मागच्या एक्सलमधलं गिअरचं गुणोत्तर आहे. ते ३.५५ असेल तर ताशी ७० मैलांवर इंजिन तीन हजारांच्या थोडं वरच फिरणार. ओव्हरड्राइव्हचा पाच गिअरचा बॉक्स त्यावर उपाय आहे, पण तळाचा पत्रा न कापता बसतो असं मेकॅनिकने लेखी दिलं तरच घ्या. काढलेला प्रत्येक भाग, अगदी ड्रम आणि नटबोल्टसुद्धा, तेल लावून, चिठ्ठी बांधून माळ्यावर ठेवा. गाडी विकताना ती खोकी गाडीसोबत जातात आणि त्यांची किंमत येते. हे सगळं दोन वर्षांत पगारातून टप्प्याटप्प्याने करा, उसने पैसे न घेता. पावत्या जपा. सुधारणेचा खर्च करासाठी मूळ किमतीत मिळवता येतो, डागडुजीचा येत नाही. कोणता खर्च कशात बसतो ते तुमच्या सीपीएला, म्हणजे कर बघणाऱ्या हिशेबनिसाला, विचारा.

आणि मनात रेस्टोमॉडच बसली असेल, तर त्यालाही सरळ वाट आहे. त्याच वर्षाची, त्याच सांगाड्यावरची, २३७ ने सुरू होणारी, इंजिन केव्हाच बदललेली एखादी लेमान्स शोधा. तिला हवं तसं कापा, मी अडवणार नाही, फक्त रोख पैशाने. त्याहून स्वस्त पडते ती दुसऱ्याने हौसेने बांधून विकायला काढलेली तयार गाडी, कारण घडणावळ त्याने आधीच भरलेली असते. यातलं काहीही मुलाचं कॉलेज मार्गी लागल्यावर. तुमची जीटीओ विकून ते करायचं ठरलं तरी चालेल. पण ती आज आहे तशी, कागदांसकट विका.

विम्याचं पत्रात काहीच नाही, त्याची मला काळजी वाटते. साध्या वाहनविम्यात घसारा धरून भरपाई मिळते. आधी ठरलेल्या किमतीची पॉलिसी घ्या. जुन्या गाड्यांचा विमा करणारी मोठी कंपनी हॅगर्टी तुमच्याच राज्यात, ट्रॅव्हर्स सिटीला आहे, तिथून आणि आणखी एकदोन ठिकाणांहून दर मागवा. इंजिनाच्या नंबरांचे फोटो या कामालाही लागतील.

डेट्रॉइटकडच्या वुडवर्ड रस्त्यावरची ड्रीम क्रूझ, म्हणजे जुन्या गाड्यांची फेरी, ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी असते. तो रस्ता थेट पाँटिॲक गावात पोचतो. ब्रेक आणि टायरचं काम तोपर्यंत आरामात होईल, मुलाला शेजारच्या सीटवर बसवा आणि एसीशिवाय जा. त्याआधी, उद्या सकाळी, वर्कशॉपला फोन करून सांगा की इंजिन आणि गिअरबॉक्स विकायचे नाहीत. तेवढं झालं की आकडे जुळवलेले कागद मला पाठवा, पुढचं अंदाजपत्रक आपण मिळून लावू.