रंगपेटी: वीस मिनिटं आणि एक वांगं

गेल्या महिन्यात मी इथे सहज लिहून गेले की दोन-दोन महिने एकच मोठा कॅनव्हास घासत बसण्यापेक्षा रोज टायमर लावून वीस मिनिटांचा एक छोटा स्टडी, म्हणजे सरावाचं चित्र, करा, ऑइलमध्ये करा नाहीतर अ‍ॅक्रेलिकमध्ये, हात सुटतो. त्यावर एवढे मेल आले की हा अख्खा अंक त्यालाच दिलाय. वॉटरकलरवाल्यांनो, सॉरी, तुमचा नंबर पुढच्या वेळी.

प्रश्न: ताई नमस्कार. मी सांगलीचा, वय ६१, रिटायर्ड. शाळेतली इंटरमिजिएट सोडली तर चित्रकलेचं शिक्षण शून्य. तुमचं वाचून ऑइलचा सेट आणला आणि टायमर लावून बसलो, रोज वांगं, टोमॅटो, घरात असेल ते. आठ दिवस झाले, एक चित्र पूर्ण होईल तर शपथ. वीस मिनिटं संपतात तेव्हा माझं ड्रॉइंगच चाललेलं असतं, मग घाई, मग सगळा चिखल. बायको म्हणते एवढ्यात वांग्याची भाजी तरी झाली असती.

उत्तर: काका, काकूंचं काही चुकलेलं नाही, पण वांगं आधी रंगवून मग त्याची भाजी करता येते, उलटं जमत नाही एवढं त्यांना सांगा.

आता तुमचं. इंटरमिजिएटच्या स्थिरचित्राच्या पेपरला आपण काय करायचो आठवा, आधी पेन्सिलने आउटलाइन, खोडरबर, परत आउटलाइन आणि मग त्यात रंग 'भरणे'. हा भरणे शब्दच घात करतो बघा, कारण एकदा रेघ काढली की हात तिच्या बाहेर जायला घाबरतो आणि सगळा वेळ कडा सांभाळण्यात जातो. तुम्ही मोठं चित्रच आवळून वीस मिनिटांत बसवायला बघताय. स्टडीत एका वेळी एकच प्रश्न घ्यायचा. आज फक्त उजेड आणि सावली, देठावरचे काटे गेले खड्ड्यात. उद्या फक्त रंग थंड की गरम. परवा फक्त कडा, कुठली धारदार आणि कुठली मागच्या अंधारात विरघळलेली.

आणि टायमर लावायच्या आधी रंग कालवून ठेवा, हे मी गेल्या वेळी लिहायला विसरले, माझीच चूक. पाच ढीग पुरतात: वांग्याची उजेडातली बाजू, सावलीतली बाजू, खालचं फडकं उजेडात, तेच फडकं सावलीत आणि मागची भिंत. ट्यूबा पण पाचच घ्या, टायटॅनियम व्हाइट, यलो ऑकर, बर्न्ट सिएना, अल्ट्रामरीन आणि क्रिमसन. काळी ट्यूब सध्या कपाटात. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना एकत्र केलं की जवळजवळ काळाच होतो आणि तो पाहिजे तर निळ्याकडे, पाहिजे तर तपकिरीकडे झुकवता येतो, ट्यूबमधल्या काळ्याला तो लाड नसतो. वांग्यासाठी त्यातच थोडं क्रिमसन.

मग वांगं पांढऱ्या फडक्यावर ठेवा, एका बाजूने टेबललॅम्प आणि वरची ट्यूबलाइट बंद, नाहीतर दोन-दोन सावल्या पडून डोक्याला ताप. आता डोळे बारीक करून बघा, नीट बघा. वांग्यावरचा तो चमकणारा ठिपका सोडला तर वांग्याची उजेडातली बाजूसुद्धा फडक्याच्या सावलीपेक्षा गडद आहे. दिसलं? हे ज्याला दिसत नाही तो वांगं उजळ-उजळ जांभळं करत जातो आणि मग ते रबराच्या फुग्यासारखं दिसतं. दुसरी गंमत खालच्या पोटाला, तिथे फडक्यावरून उलटून आलेला उजेड दिसतो आणि सगळे हौशी लोक तो भसकन पांढरा मारतात. तो सावलीतला उजेड आहे, उजेडातल्या कुठल्याही भागापेक्षा काळसरच राहिला पाहिजे.

ब्रश एकच, पाऊण इंची चपटा हॉग हेअर, म्हणजे डुकराच्या राठ केसांचा. बोर्ड सहा बाय आठ इंच, त्यापेक्षा मोठा नको. पहिली तीनेक मिनिटं टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेल्या बर्न्ट सिएनाने फक्त आकार कुठे बसतो एवढं, पेन्सिल नाही. मग सगळ्यात गडद भाग, मग भिंत, मग फडकं, मग वांग्याची उजेडातली बाजू, आणि रंग जसजसा पुढे जाल तसा जाड. पंधराव्या मिनिटाला ब्रश खाली ठेवून दोन पावलं मागे जा आणि नुसतं बघा, हे एक मिनिट फुकट गेल्यासारखं वाटतं पण चुका तिथेच सापडतात. चमकणारा ठिपका सगळ्यात शेवटी, एकदाच टेकवायचा आणि हात उचलायचा.

चिखल होतो त्याचं कारण सोपंय, ओल्या रंगावर ब्रश फिरवला की तो खालचा रंग उचलतो आणि तिसऱ्या फटकाऱ्याला सगळं एक होतं. ब्रश आडवा धरा, पोळीला लोणी लावतो तसा रंग वर ठेवा, दोन फटकारे झाले की फडक्याला पुसा, परत ढिगातून उचला. कंटाळवाणं आहे पण दुसरा इलाज नाही.

आणि घंटी वाजली की थांबायचं. "अजून पाचच मिनिटं" करत तुम्ही दीड तास बसता हे मला माहितीय, मीही बसायचे. दुसऱ्या दिवशी तेच चित्र पुढे न्यायचं नाही, नवीन वांगं, नवीन बोर्ड. एखाद्या रविवारी गंमत म्हणून एकाच बोर्डचे मास्किंग टेपने चार भाग करा आणि तेच वांगं चाळीस, वीस, दहा आणि पाच मिनिटांत करून चारही शेजारी-शेजारी लांबून बघा. माझं मत विचाराल तर दहा मिनिटांचं बरेचदा चाळीसवाल्याला खाऊन टाकतं.

प्रश्न: मी ठाण्याची, आयटीत आहे, रात्री साडेदहानंतरच वेळ मिळतो. अ‍ॅक्रेलिक वापरते, पण आकाश रंगवताना पट्टे-पट्टे येतात, आणि रंग लावताना बरोबर वाटतो तो सकाळी गडद झालेला असतो. हे डोळ्यांचं काही आहे का? ऑइलवर जाऊ का?

उत्तर: डोळे ठीक आहेत. अ‍ॅक्रेलिकमधलं बाइंडर, म्हणजे रंगाची पूड धरून ठेवणारा चिकट पदार्थ, ओलं असताना दुधाळ असतं आणि वाळलं की काचेसारखं पारदर्शक होतं, म्हणून रंग वाळल्यावर एखादी छटा गडद दिसतो. उपाय म्हणजे कालवताना पाहिजे त्यापेक्षा जरासा उजळ कालवायचा आणि बोर्डच्या कडेला एक ठिपका लावून वाळवून बघायचा, हेअर ड्रायर असेल तर अर्ध्या मिनिटाचं काम.

पट्टे येतात कारण पाणी उडून जातं, विशेषतः पंख्याखाली. पंखा बंद करा, किंवा निदान बोर्डवर वारा येणार नाही असं बसा. आधी स्प्रे बाटलीने बोर्ड किंचित ओला करा आणि आकाश सगळं एका दमात, वरून खाली, मोठ्या ब्रशने. पॅलेटसाठी झाकणाचा मिठाईचा प्लास्टिकचा डबा घ्या, तळाला ओला टिश्यू, त्यावर बेकिंगचा पार्चमेंट पेपर आणि त्यावर रंग, झाकण लावलं की दोन-तीन दिवस सहज ओले राहतात. साडेदहाला बसणाऱ्या माणसाला रोज नव्याने ट्यूबा पिळायला लावणं म्हणजे छळ आहे.

ऑइलवर जायची घाई नको. अ‍ॅक्रेलिकमध्ये चूक झाली की दहा मिनिटांत तिच्यावरच परत रंगवता येतं, आणि निर्णय घ्यायची सवय लागते कारण रंग तुमची वाट बघत नाही. कडा विरघळवणं, चेहऱ्याची मऊ वळणं, त्यासाठी ऑइल छानच. पण रात्री साडेदहाला ब्रश धुवायचं जिवावर येतं ना, ते आधी लक्षात घ्या. अर्थात अ‍ॅक्रेलिकचा ब्रश तर लगेचच धुवावा लागतो. मी एकदा बेल वाजली म्हणून उठले, शेजारीण अर्धा तास बोलली, आल्यावर माझा सगळ्यात आवडता ब्रश लाकडाच्या चमच्यासारखा कडक.

प्रश्न: मी कोल्हापूरचा, चित्रकलेच्या फाउंडेशन कोर्सला आहे. रंकाळ्यावर जाऊन स्टडी करतो पण सूर्यास्त एवढा पटकन जातो की काही हाताला लागत नाही. फोटो काढून घरी केलं तर चालेल का? मित्र म्हणतात बाहेर जाऊन करणं हे फॉरेनचं फॅड आहे.

उत्तर: फॅड? अरे तुझ्याच गावात आबालाल रहिमान हे चित्रकार होऊन गेले, मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकून परत आले आणि कोटितीर्थाचं तळं पुन्हा पुन्हा रंगवत बसले. मित्रांना तिथे घेऊन जा.

फॉरेनचं म्हणशील तर तिकडेही हे जुनंच आहे. वॅलेन्सिएन नावाच्या फ्रेंच चित्रकाराने १८०० मध्येच लिहून ठेवलंय की बाहेरचा स्टडी फार तर दोन तास, आणि सूर्योदय-सूर्यास्त असेल तर अर्धा तास, त्यापुढे उजेडच बदललेला असतो. इंग्लंडचा चित्रकार जॉन कॉन्स्टेबल १८२१ आणि १८२२ मध्ये लंडनजवळच्या हॅम्पस्टेडला नुसते ढग रंगवत होता, कागदावर, ऑइलमध्ये, आणि मागे तारीख, वेळ, वारा कुठला हे लिहून ठेवायचा. तेव्हा पत्र्याच्या ट्यूबा पण नव्हत्या, त्या १८४१ च्या, त्याआधी रंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशव्यांत भरून न्यायचे आणि आपण इथे किट जड होतं म्हणून रडतो.

आता तुझा खरा प्रॉब्लेम. आपल्याकडे सूर्य युरोपपेक्षा जास्त सरळ खाली उतरतो, त्यामुळे तो अर्धा तास पण आपल्याला मिळत नाही, रंकाळ्यावर तू पंधरा मिनिटंच धर. पाच वाजताच जाऊन बस, पाणी, काठ, लांबची झाडं यांचे ढीग कालवून तयार ठेव, बोर्डवर पातळ यलो ऑकर किंवा बर्न्ट सिएनाचा थर आधीच घरून मारून वाळवून आण म्हणजे पांढरं झाकण्यात वेळ जाणार नाही. मग उजेड आला की फक्त तीन गोष्टी: आकाश, पाणी, काळी झाडं. पाण्यातलं आकाश वरच्या आकाशापेक्षा सहसा थोडं गडद असतं, तेवढं जपलंस तरी बास. सूर्य बुडायला लागला की सुरुवातीचा उजेड सोडायचा नाही, जो ठरवला तो ठरवला, त्याच्यामागे पळालास की झाडं पाचची आणि आकाश सातचं असं चित्र होतं.

फोटो काढ, पण झाडाची फांदी कुठे होती एवढ्यापुरता. मोबाइल सावल्या एकतर काळ्या करतो नाहीतर उगाच उजळतो, आणि सूर्यास्ताचा नारिंगी तर असा भडक करतो की लग्नाचा मंडप वाटावा.

प्रश्न: नाशिकहून, वन बीएचके, घरात लहान मूल. टर्पेंटाइनच्या वासाने नवरा वैतागलाय. ऑइल सोडून देऊ का?

उत्तर: वर काकांना आकार बसवायला सांगितलं तेवढं सोडलं तर वीस मिनिटांच्या स्टडीला टर्पेंटाइन जवळजवळ लागतच नाही. ट्यूबमधला रंग तसाच वापरा, अगदी घट्ट वाटला तर थेंबभर लिनसीड, म्हणजे जवसाचं तेल. ब्रश आधी फडक्याला पुसा, मग स्वयंपाकाच्या साध्या तेलात घोळवून परत पुसा आणि मग साबणाने नीट धुवा, साबण नक्की, कारण खायचं तेल ब्रशमध्ये राहिलं तर पुढच्या चित्राचा रंग वाळतच नाही. खिडकी उघडी, रंग मुलाच्या हाताला लागणार नाहीत अशा उंचीवर.

वासापेक्षा मला फडक्यांची जास्त भीती वाटते. लिनसीड हवेतला ऑक्सिजन घेऊन वाळतं आणि त्यात उष्णता तयार होते, बोळा करून टाकलेली फडकी त्या उष्णतेने आपोआप पेट घेऊ शकतात. मी पूर्वी अशीच पिशवीत कोंबून ठेवायचे, एकदा पिशवी उचलली तर चहाच्या कपासारखी गरम. तेव्हापासून फडकी बाहेर दोरीवर एकेक पसरून वाळवते, नाहीतर पाण्यात भिजवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाकते.

प्रश्न: दोन महिन्यांत चाळीस स्टडी झाले, आता ठेवायचे कुठे? टाकून देऊ का? (पुणे)

उत्तर: चाळीस! वा. सगळे एकदा जमिनीवर मांडा, तारखेने. पाचेक बाजूला काढा, तीन चांगले आणि दोन असे की जिथे नेमकं काय बिघडलं ते कळतंय. मागे तारीख, वेळ आणि किती मिनिटं ते लिहून शू-बॉक्समध्ये, पण पावसाळ्याच्या आधी डबा उघडून हवा लागू द्या, बुरशी येते.

बाकीचे परत वापरा. अ‍ॅक्रेलिकचे असतील तर सँडपेपर फिरवून वर जेसोचे, म्हणजे रंगाखालच्या पांढऱ्या अस्तराचे, दोन हात. ऑइलच्या स्टडीवर मात्र अ‍ॅक्रेलिक जेसो मारू नका, पुढे पापडासारखा सुटून येतो. ते त्याच संध्याकाळी, ओले असतानाच पॅलेट नाइफने खरवडून टाकायचे. खरवडलेला रंग एकत्र केला की एक झकास राखाडी मिळतो, तो उद्याच्या भिंतीला चालतो.