वाचकांचे प्रश्न: झिराड, मुंबई, कराची, लोद… पणजोबांच्या मागे कसं जायचं?

प्रश्न: आम्ही बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. आजोबा कराचीला रेल्वेत होते, फाळणीनंतर मुंबईत आले, दोन काका पुढे इस्रायलला लोदला गेले. घरात सांगतात आपण झिराडकर, पण एकाही कागदावर ते आडनाव नाहीये. पणजोबांच्या मागचं काहीच कळत नाही, सुरुवात कुठून करू?
(एक वाचिका, ठाणे)

उत्तर: ताई, कागदावर झिराडकर नाही म्हणून निराश होऊ नका, बेने इस्रायली घरांत हे खूप कॉमन आहे. इंग्रजांच्या काळात शाळेत, पलटणीत, रेल्वेत नाव लिहिताना बऱ्याचदा स्वतःचं आणि वडिलांचं एवढंच लिहायचे, म्हणजे डेव्हिडचा मुलगा सॅम्युएल डेव्हिड आणि त्याचा मुलगा आयझॅक सॅम्युएल, दर पिढीला आडनाव बदलल्यासारखं दिसतं आणि शोधणारा हरवून जातो. म्हणून बाप-लेकाच्या जोड्या लावत मागे जा, गाव शेवटी पडताळा. झिराड अलिबाग तालुक्यात आहेच, पण सगळे झिराडकर एकाच घराण्यातले असं धरून चालू नका.

आणखी मागे गेलात की नावांचं रूपच बदलतं, आयझॅकचा इसाजी, अब्राहमचा आबाजी. मुंबईतलं पहिलं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ (जुनी माणसं मशीदच म्हणतात), १७९६ साली बांधणारे सॅम्युएल इझिकेल दिवेकर म्हणजेच सामाजी हसाजी दिवेकर. दोन्ही रूपं माहीत नसतील तर एकाच माणसाला तुम्ही दोन माणसं समजाल.

आपल्या समाजाची वाट साधारण अशी. अलिबागजवळ नवगावला जहाज फुटलं आणि सात पुरुष, सात बायका वाचल्या ही परंपरेतली सुरुवात, मग अलिबाग, पेण, रोह्याकडची गावं, तेलाचे घाणे, शनिवार ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, त्या दिवशी घाणा बंद म्हणून शनवार तेली. अठराव्या शतकात मुंबईला यायला लागले, कुणी कंपनीच्या पलटणीत, पुढे रेल्वेत, आणि नोकरीमागोमाग पुणे, अहमदाबाद, कराची, एडन. कराचीचं सिनेगॉग १८९३ चं, ते १९८८ मध्ये पाडलं, त्यामुळे आधी मुंबईचा धागा पकडा, कराचीचा नंतर.

माझ्या मते सगळ्यात मोलाचा कागद म्हणजे आजी-आजोबांचा केतुबा, लग्नाचा करार. त्यात नवरा-नवरी दोघांच्याही वडिलांची नावं असतात, म्हणजे एका कागदात दोन घराणी. घरी नसेल तर लग्न झालं त्या सिनेगॉगच्या रजिस्टरमध्ये बघायला मिळेल का ते विचारा. मग कबरी. दगडावर मराठीसोबत हिब्रू असेल तर तिथे 'अमक्याचा मुलगा' असं वडिलांचं नाव मिळू शकतं. हिब्रू वर्ष अक्षरांत असतं (प्रत्येक अक्षराला एक आकडा असतो) आणि बऱ्याचदा पाच हजार गाळलेले असतात, अक्षरांची बेरीज ६६० आली तर त्यात १२४० मिळवा, १९०० येतं (सण-महिन्यानुसार एक वर्ष इकडेतिकडे). आणि लोदच्या काकांकडे व्हिडिओ कॉल आजच लावा, कागद टिकतात पण माणसांच्या आठवणी कायम टिकत नाहीत.

प्रश्न: डीएनए टेस्टने मूळ गाव कळेल का?

उत्तर: गाव नाही कळणार. २०१६ च्या एका संशोधनात बेने इस्रायली लोकांमध्ये ज्यू आणि भारतीय अशी दोन्ही पाळंमुळं दिसली, पण ती गोष्ट समाजाची, तुमच्या पणजोबांची नाही. तरी टेस्ट केलीतच तर काकांच्या मुलांनाही करायला सांगा, त्यांच्या मॅचमधून (म्हणजे डीएनए जुळलेल्या माणसांच्या यादीतून) दुसऱ्या शाखेतले नातेवाईक सापडू शकतात.